पेटी न उघडता

जी गोष्ट घरातल्या मांजरासमोरसुद्धा बोलायची नाही असं ठरलं होतं, ती येरित्सानं मंगळवारी सकाळी बागेतल्या झाडून सगळ्या मधपेट्यांना सांगून टाकली होती. तीही कुजबुजून नव्हे. प्रत्येक पेटीच्या दारावर बोटाच्या पेरानं तीनदा टकटक करून, चांगल्या खणखणीत आवाजात: "ऐका गं बायांनो, आमच्या ब्रीनाला मूल होणार आहे."

पोगाचनिकांच्या घरात हे काही नवीन नव्हतं. कुणी गेलं की घरातल्या बाईनं पेट्यांना जाऊन सांगायचं, कुणी येणार असलं तरी सांगायचं. येरित्साच्या सासूनं, आपोलोनियानं, हिच्या नवऱ्याच्या, लोयझेच्या, जन्माची वर्दी अशीच दिली होती. न सांगितलं तर माश्या रुसतात, उठून जातात आणि जाताना घरातलं काहीतरी घेऊन जातात, असं ती म्हातारी शेवटपर्यंत म्हणायची. सुनेची, ब्रीनाची, दोन बाळं पोटातच गेली तेव्हापासून येरित्साला तेच खुपत होतं, कारण दोन्ही वेळा तिनं पेट्यांना काही सांगितलं नव्हतं. या खेपेला मुकाट बसायचं नाही असं तिनं मनाशी ठरवलं आणि ती बसली नाही.

फक्त दोन गोष्टींचा तिला विसर पडला. एक, डिसेंबरात पेट्या वाजवायच्या नसतात. आत माश्या एकमेकींना बिलगून, ऊब धरून बसलेल्या असतात. त्यांना दचकवलं की त्यांची ऊब मोडते. आणि दुसरी, ब्रीनाला मूल होणार की नाही हे अजून खुद्द ब्रीनालाही ठाऊक नव्हतं. तिच्या बीजापासून तयार झालेला एकुलता एक गर्भ ल्युब्लियानाच्या दवाखान्यात गोठवून ठेवलेला होता. तो निकोप आहे की नाही, पोटात घेण्याजोगा आहे की नाही, हे आज कळायचं होतं. दुपारी फोन येणार होता. आणि ब्रीनानं नवऱ्याला, आईला, सासूला, सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की हा शेवटचा. याचं काही बरंवाईट झालं तर पुन्हा त्या सुया नाहीत, ती इस्पितळं नाहीत, काही नाही.

डॉक्टर त्या गर्भाला काहीही म्हणोत, ब्रीनाचा नवरा गाशपेर त्याला 'दाणा' म्हणायचा.

नेमका आजच संत आंब्रोझचा दिवस. मधमाश्या पाळणाऱ्यांचा हा मोठा सण. येरित्सानं पहाटेच उठून अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला गोड पाव, पोतित्सा, भाजला, सॉसेज उकडायला टाकले, आंबवलेला सलगम परतला, आणि हे सगळं करताना दर पाच मिनिटांनी खिडकीतून पेट्यांच्या घराकडे बघत राहिली. बर्फात ते रंगीत लाकडी घर कसं शांत उभं होतं.

"तो सुतारपक्षी परत आलाय," लोयझे बूट झटकत आत येऊन म्हणाला.

येरित्साच्या हातातला झारा तसाच राहिला. "कोण?"

"सुतारपक्षी. मंगळवारी आला असणार. पेट्यांखालचे पुठ्ठे बाहेर काढून बघितले. सगळ्यांखाली मेलेल्या माश्या जरा जास्त पडल्यात. कुणीतरी दार ठोठावल्याशिवाय असं होत नाही. दिसू दे मेला मला, पिसं उपटतो त्याची."

"अहो, देवाचं पाखरू ते. थंडीचं भुकेलं असेल," येरित्सा म्हणाली आणि सलगमात तोंड घातल्यासारखी वाकली. मुक्या पाखरावर आळ घालताना तिला लाज वाटली. पण खरं सांगायची छातीही होईना.

जेवणाला माणसं मोजकीच होती. गाशपेर आणि ब्रीना सकाळीच आले होते. ब्रीनाची आई व्लास्ता मारिबोरहून गाडी हाकत आली. व्लास्ता म्हणजे ताठ कण्याची बाई. सगळा जन्म रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत गेलेला. घरात शिरल्या शिरल्या तिनं पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या, खिडकी बंद आहे ना बघितलं, आणि लेकीच्या कपाळाला हात लावला.

"मम्मी, ताप नाहीये मला. मी फोनची वाट बघतेय, एवढंच."

"मग बसून बघ. उभं राहून तो लवकर येतो का?"

फोन कपाटावर, मेणबत्तीशेजारी ठेवला होता. लोयझेनं सणाची मेणबत्ती लावली, स्वतःच्या मेणाची, आणि सगळे गप्प जेवायला बसले. सॉसेजची साल फाटल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून व्लास्तानं विचारलं, "काय म्हणतात तुमच्या माश्या, लोयझे?"

हा प्रश्न विचारायला नको होता असं येरित्साला वाटलं, पण लोयझेला तर तेच हवं होतं.

"सुतारपक्ष्यानं छळलंय. पण तग धरतील. पुठ्ठा वाचला ना मी."

"पुठ्ठा?"

"पेटीच्या तळाशी एक पुठ्ठा सरकवलेला असतो. आत जे काही चालतं त्याचा भुगा त्याच्यावर पडतो. मेणाचा चुरा, साखरेचे कण, एखादा पंख. त्या भुग्याच्या रेघा बघायच्या. मेणाच्या किती फळ्यांवर बसल्यात, खातायत का, पेटीतल्या आईनं, म्हणजे राणीमाशीनं, अंडी घालायला घेतली का, सगळं कळतं."

"आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा झाकण उघडून सरळ बघितलं तर?"

"तर बघायला मिळेल की," लोयझे म्हणाला. "फक्त दुसऱ्यांदा बघायला काही उरणार नाही."

व्लास्ता हसली. "हे तुमच्या माश्यांचं ठीक आहे हो. आमच्याकडे अंदाजपंचे चालत नाही. तुकडा काढायचा, काचेवर घ्यायचा, बघायचा. म्हणून तर मी ब्रीनाला म्हटलं, या वेळी गर्भातल्या चार पेशी काढूनच तपासू द्या. दोनदा आंधळेपणानं पोटात घेतलं. दोनदा मी तिच्या पलंगाशी बसले आणि चादरी बदलल्या. तिसऱ्यांदा माझ्यानं व्हायचं नाही."

ब्रीना आणि लोयझेची क्षणभर नजरानजर झाली. येरित्सानं ती टिपली. सासरा आणि सून यांच्यात कधीपासून असं काही शिजायला लागलं, हे तिच्या लक्षात येईना. पण विचारणार तेवढ्यात दार वाजलं.

शेजारची मिंका आली होती. गालांवर थंडीची लाली, हातात लाल कागदात बांधलेलं बोचकं. तिचं सरपण ठेवायचं छप्पर आणि पोगाचनिकांचं पेट्यांचं घर यांच्यात एक कुंपणच काय ते. येरित्साच्या तोंडचं पाणी पळालं.

"बसा, बसा, जेवा," मिंका म्हणाली. "मी लगेच जाते. परवा रात्री घरोघर भेटी ठेवत संत मिक्लावझ आमच्याकडे आला होता ना, म्हातारा झालाय बिचारा, घरं चुकतो. तुमचं एक आमच्याकडेच ठेवून गेला." आणि तिनं ते बोचकं थेट ब्रीनाच्या मांडीवर ठेवलं.

ब्रीनानं कागद सोडला. आत अक्रोड, सुकी सफरचंदं, आणि त्यांच्यावर पांढऱ्या लोकरीचे दोन इवलेसे पायमोजे.

"मी काही बोलणार नाही हं कुणापाशी," मिंका डोळे पुसत म्हणाली. "पण मंगळवारी लाकडं काढत होते, आणि येरित्सा पेट्यांना सांगत होती, ते कानावर पडलं. रडूच आलं गं मला. दोन रात्री बसून विणले."

बिचाऱ्या मिंकाला वाटलं, आनंदानं सगळ्यांची वाचा गेलीय. तिनं ब्रीनाच्या केसांवरून हात फिरवला आणि निघून गेली.

ब्रीना उठली. मोजे तिच्या मुठीत होते. तिनं सासूकडे बघितलंसुद्धा नाही. खुंटीवरचा कोट ओढला आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

"विहीणबाई!" व्लास्ता येरित्साकडे वळली. "मागच्या वेळचे मोजे अजून तिच्या कपाटात आहेत, ठाऊक आहे तुम्हाला? ते टाकवत नाहीत तिला आणि बघवतही नाहीत. आणि तुम्ही माश्यांना सांगत फिरता!"

"सासूबाई म्हणायच्या..." येरित्सानं सुरुवात केली.

"सासूबाई गेल्या, त्यांना शांततेत राहू द्या! रिपोर्ट यायचाय अजून!"

"आई, तू म्हणजे कमाल केलीस," गाशपेर खुर्ची मागे ढकलत म्हणाला. "एक गोष्ट सांगितली होती. एकच."

येरित्साला रडू फुटलं. ती काही साधी रडणारी बाई नव्हती. लोयझे पडून त्याच्या पाठीचा कणा मोडला त्या वर्षीही तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. "मला वाटलं, न सांगितल्यामुळेच ती दोन गेली," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यामुळे."

लोयझे मान खाली घालून बसला होता. मग त्यानं हळूच मान वर केली.

"म्हणजे सुतारपक्षी तूच होतीस?"

एरवी कुणी हसलं असतं. व्लास्ता तर आणखीच चिडली. "तुम्हाला पक्ष्याचं पडलंय! तिथे काचेवर माझ्या लेकीच्या गर्भाच्या चार पेशी..."

"काही काचेवर वगैरे नाहीये," गाशपेर बोलून गेला. "पेशी काढल्याच नाहीत."

व्लास्ता उभी होती, ती बसली. "काय?"

गाशपेरनं केसांतून हात फिरवला. आता झाकण्यात अर्थ नव्हता. "ब्रीना नको म्हणाली. एकच दाणा आहे, त्याला सुई लावू देणार नाही म्हणाली. आधी बीजंही कुठे न टोचता, नुसती सूक्ष्मदर्शकातून बघूनच निवडली, त्यात निम्मी बाद झाली. मग हा एकटा उरला. तो कॅमेरा लावलेल्या पेटीत वाढला, पाचही दिवस. दार न उघडता दर थोड्या वेळानं त्याचा फोटो. आणि ज्या थेंबात तो वाढला ना, तो थेंब त्यांनी जपून ठेवला. वाढताना तो आपले कण त्यात सोडतो. ते तपासायला दिलेत. निकाल त्याचा यायचाय."

"सांडपाणी तपासतायत?" व्लास्ता पुटपुटली. "बाळाचं सांडपाणी?"

"भुगा," लोयझे म्हणाला.

दोघी विहिणींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" येरित्सानं विचारलं.

"ऑक्टोबरात आली होती माझ्याकडे," लोयझे मेणबत्तीच्या ज्योतीशी बोलल्यासारखा म्हणाला. "पुठ्ठे कसे वाचता ते शिकवा म्हणाली. शिकवलं. मग विचारलं, बाबा, पुठ्ठा कधी खोटं बोलतो का? मी म्हटलं, खोटं नाही बोलत, पण कधीकधी अर्धंच सांगतो. मग बराच वेळ बसली माझ्यापाशी. काय करायचं ते तिचं तिनं ठरवलं. मी फक्त कुणाला सांगितलं नाही."

"दोन-दोन आया बसल्यात घरात," व्लास्ता म्हणाली, "आणि पोरगी सल्ला घेते तो ह्यांचा."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," येरित्सा म्हणाली, "मला कधी दमडीची गोष्ट सांगितली नाही ह्यांनी. ही कुठली सांगणार?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या एका बाजूला होत्या, आणि दोघींनाही ते जरा अवघडच वाटलं. मग येरित्सानं डोळे पुसले आणि शाल खांद्यावर टाकली. "मी जाते तिच्याकडे."

"शिव्या घालेल तुम्हाला."

"घालू दे."

पेट्यांच्या घरात ब्रीना ओणवी झाली होती. मागच्या बाजूनं पेट्यांची दारं एकावर एक रचल्यासारखी दिसतात, आणि प्रत्येक दाराला लोयझेनं बुचाएवढं भोक पाडलेलं आहे. त्यातल्या एका भोकात रबरी नळी घालून तिचं दुसरं टोक ब्रीनानं कानाला लावलं होतं. डोळे मिटलेले. मोजे कोटाच्या खिशातून डोकावत होते.

येरित्सा दाराशीच थांबली. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोळवलं होतं, ते सगळं विसरून गेली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"शू."

येरित्सा पाय न वाजवता आत आली. लाकडाला मेणाचा वास होता. थंडी होती, पण बाहेरच्याइतकी नाही.

"आई, पेट्यांना नक्की काय सांगितलंत तुम्ही?" ब्रीनानं डोळे न उघडता विचारलं.

"म्हटलं... ब्रीनाला मूल होणार आहे."

"असं ठामपणे?"

"मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगता येत नाही गं."

ब्रीनाचे ओठ जरासे हलले. हसली की रडू आवरलं, ते कळलं नाही. "आम्ही घरात कुणीच असं म्हणत नाही," ती म्हणाली. "मी नाही, गाशपेर नाही. मम्मी तर 'जर' आणि 'तर' लावल्याशिवाय वाक्यच करत नाही. डॉक्टर म्हणतात, शक्यता. मंगळवारी कुणीतरी ते सरळ बोललं. मोठ्यानं. मोजे बघितले तेव्हा मला राग आला, खूप आला. इथे येईपर्यंत तो पुरला नाही."

येरित्सानं नुसतं तिच्या पाठीवर हात ठेवला. मागच्या दोन्ही वेळा ब्रीनानं तिला जवळ येऊ दिलं नव्हतं. पलंगाशी व्लास्ता बसली होती आणि येरित्सा बाहेरच्या बाकावर, सूपाचा डबा मांडीवर घेऊन. आज हात झटकला नाही.

"मी माश्यांना हलवलं," येरित्सा म्हणाली. "गाशपेरचे बाबा म्हणतात, पुठ्ठ्यावर मेलेल्या माश्या जास्त पडल्यात."

"ऐका तुम्हीच." ब्रीनानं नळी तिच्या कानाला लावली.

आधी काहीच नाही. मग अगदी खोल, एकसारखा, जाड गुणगुणाट. येरित्सा गेली चाळीस वर्षं ह्या पेट्यांसमोर धुणं वाळत घालत होती, मध काढत होती, सणाला त्यांना वर्दी देत होती. पण ही नळी कधी कानाला लावली नव्हती. ते लोयझेचं काम.

"बाबा म्हणतात, आई नसलेली पेटी रडते," ब्रीना म्हणाली. "लांबलचक, थांबत नाही. ह्या रडत नाहीयेत."

तेवढ्यात बर्फात पावलं धपाधप वाजली. गाशपेर फोन हातात धरून धावत येत होता, जणू हातात निखारा आहे. त्याच्या मागून व्लास्ता, पाहुण्यांच्या चपलांत, मोजे भिजवत, डोक्यावर टोपी नाही की अंगात कोट नाही. ज्या बाईला खिडकीच्या फटीतला वारा बाधायचा, ती डिसेंबरच्या बर्फातून घरातल्या चपलांनी धावत आली होती. सगळ्यांत मागून लोयझे, सावकाश.

"त्याच आहेत," गाशपेर धापा टाकत म्हणाला. "डॉक्टर कावचिच. मोठ्यानं लावू?"

ब्रीनानं मान डोलावली. तिचा एक हात गाशपेरच्या बाहीवर होता आणि दुसरा नकळत सासूच्या हातात गेला होता.

"ब्रीना?" फोनमधला आवाज शांत होता. "थेंबाचा निकाल आला. जे कण सापडले त्यांत काही कमी नाही, काही जास्त नाही. आमच्या हिशोबानं सगळं जागच्या जागी आहे."

गाशपेरनं फोन आणखी वर धरला.

"चित्रफीतही मी पुन्हा एकदा बघितली. तिसऱ्या दिवशी तो जरा रेंगाळला होता, आठवतं? मला त्याचीच धाकधूक होती. पण पाचव्या दिवसापर्यंत त्यानं सगळं भरून काढलं, आणि नीट, एकसारखं वाढला. माझं मत विचाराल तर पोटात घ्यावा. जानेवारीत."

"मी तिची आई," व्लास्ता पुढे झाली. "मी प्रयोगशाळेतच होते. खरं सांगा. कितपत खात्री?"

"खरं सांगते. पेशी काढल्या असत्या तर थोडी जास्त खात्री देता आली असती. थेंब कधी अपुरं सांगतो, कधी त्यात दुसऱ्याच पेशींचे कण मिसळतात. पण हा एकच होता, बाई. सुई लावताना त्याला काही झालं असतं, तर खात्री घेऊन आम्ही काय करणार होतो? आणि तो पोटात रुजेल की नाही, हे ना सुई सांगते ना थेंब. आज एवढंच म्हणेन, की चांगली बातमी आहे. जेवा. सण आहे ना तुमच्याकडे?"

फोन बंद झाला.

गाशपेर खाली बसला. तसाच, पेट्यांच्या घराच्या फळ्यांवर. ब्रीना हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. येरित्सालाही सुटल्यासारखं वाटलं आणि तिनं पेटीवर हात टेकला.

"हळू," लोयझे म्हणाला. "पुन्हा वाजवू नकोस."

आणि मग सगळेच हसले, कुणी रडता रडता, कुणी नुसतंच. लोयझेनं वाकून एका पेटीखालचा पुठ्ठा ओढून बघितला, परत आत सरकवला. "तसं काही बिघडलेलं नाही," तो बायकोला म्हणाला. "दार वाजल्यावर माश्या 'कोण आहे' म्हणून एकदा गुरगुरल्या आणि गप्प झाल्या, की घर ठीक समजायचं. म्हातारे लोक तपासायचे ते असंच. फक्त एकदा, हलकेच. तू जरा जास्तच मन लावून तपासलंस."

"मग पक्ष्याला शिव्या का घालत होतात?"

"मला काय ठाऊक, बातमी एवढी मोठी होती ते?"

"आई," ब्रीना म्हणाली, "आता खरंच सांगा त्यांना. जानेवारीत म्हणून."

येरित्सानं सवयीनं बोटाचं पेर उचललं. लोयझे खाकरला. तिनं हात खाली घेतला. काही न वाजवता, पेटीच्या दाराशी तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, "जानेवारीत हं, बायांनो." पुढे काही तिला सुचलं नाही, आणि लागलंही नाही.

गाशपेर उठला, ब्रीनाला जवळ धरून बाहेर निघाला. खिशातले मोजे ब्रीनानं काढले, क्षणभर बघितले आणि पुन्हा खिशात खोचले. कपाटात टाकायचे नाहीत एवढं तिनं ठरवलेलं दिसलं. लोयझे त्यांच्या मागे गेला, मेणबत्ती एकटी जळतेय म्हणून.

व्लास्ता मागे राहिली. तिच्या चपला चिंब झाल्या होत्या. ती पेट्यांच्या रांगेकडे बघत उभी होती, अजून पूर्ण पटलेलं नसलेल्या माणसासारखी.

"मी असते ना तिच्या जागी, तर सुई लावायला सांगितलं असतं," ती म्हणाली. "आजही सांगेन. मी तशीच आहे."

"ठाऊक आहे," येरित्सा म्हणाली.

"आणि मला भीती वाटते. निकाल चांगला आला तरी वाटते."

"मलाही."

येरित्सानं आपली शाल काढून विहिणीच्या खांद्यावर टाकली. मग नळीचं टोक तिच्यापुढे धरलं. व्लास्तानं ते आधी बोटांत घेऊन उलटंसुलटं बघितलं, प्रयोगशाळेतल्या बाईनं बघावं तसं, आणि कानाला लावलं.

"काही ऐकू येत नाही."

"श्वास धरा."

व्लास्तानं श्वास धरला. बाहेर गाशपेर मिंकाला कुंपणावरून हाक मारत होता, ये गं पोतित्सा खायला, आणि मिंका काय झालं, काय झालं म्हणून विचारत होती. व्लास्ताला त्यातलं काही ऐकू आलं नसावं. तिच्या कपाळावरचा आठ्यांचा जुडगा हळूहळू सुटला. तिनं येरित्साच्या मनगटावर हात ठेवला आणि चाळीस-एक मैलांवरून येणारं काही ऐकावं तशी डोळे मिटून उभी राहिली.

"आहेत गं," ती म्हणाली. आजवर विहीणबाईंना तिनं कधी 'गं' म्हटलं नव्हतं. "आत आहेत सगळ्या."